आयर्लंड बसने फिरायचं असेल तर आधी परतीची बस बघा

मला गाडी चालवता येत नाही, बाबांना येते पण परदेशात स्टिअरिंगला हात लावणार नाही असं त्यांनी निघायच्या आधीच जाहीर करून टाकलेलं, त्यामुळे आयर्लंडचे आमचे अकरा दिवस जवळपास पूर्ण बसवर गेले. मी, आई आणि बाबा. गाडीशिवाय तिथे काही बघून होत नाही असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं आणि ते अर्धंच खरं आहे. बस सगळीकडे जाते हो, पण दिवसातून किती वेळा जाते आणि परत कधी येते हा खरा प्रश्न आहे. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, कुठल्याही गावाला जायची बस शोधण्याआधी तिथून परत यायची शेवटची बस किती वाजता आहे ते बघा आणि मग उलट्या बाजूने दिवस आखा. आम्ही तिसऱ्या दिवसापासून असं करायला लागलो, पहिले दोन दिवस शिकण्यात गेले.

आता व्हिसा. बसच्या लेखात व्हिसा कशाला असं वाटेल पण इथे रूटच त्यावर ठरतो. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पैसे युरोच चालतात, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीये, म्हणजे तुमच्याकडे शेंगेन व्हिसा असेल तर त्याचा इथे उपयोग नाही, आयर्लंडचा वेगळा घ्यावा लागतो. त्यात बेटाचा वरचा तुकडा, नॉर्दर्न आयर्लंड, तो यूकेचा. सीमेवर चौकी नाही, गेट नाही, काही नाही. बस चाललेली असते, रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ एकदम पांढरी होते, वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलात जातात आणि मोबाईल यूकेचं नेटवर्क पकडतो, संपलं. पण कायद्याने तुम्ही दुसऱ्या देशात आलेले असता आणि बसमध्ये चढून कागद तपासतात कधीकधी. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम आहे, आयर्लंडच्या व्हिसावर बीआयव्हीएस अशी अक्षरं असतील तर त्याच व्हिसावर बेलफास्टला, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडच्या राजधानीला, जाता येतं, फक्त आधी आयर्लंडमध्ये उतरलेलं असावं लागतं. अक्षरं आहेत का ते स्टिकरवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एजंट म्हणाला असेल म्हणून धरून चालू नका.

आणि हे फक्त बेलफास्टला जाणाऱ्यांपुरतं आहे असं समजू नका, कारण खरी गंमत डोनेगलची आहे. डोनेगल हा आयर्लंडचा म्हणजे रिपब्लिकचाच भाग, पण डब्लिनहून तिकडे जाणाऱ्या एक्सप्रेसवेच्या (हे सरकारी लांब पल्ल्याच्या बसचं नाव) दोन्ही बस नॉर्दर्न आयर्लंडमधून जातात, 30 नंबर एनिस्किलनवरून आणि 32 नंबर ओमा आणि स्ट्रबेनवरून. म्हणजे तिकीट रिपब्लिकमधून रिपब्लिकचं आणि मधला तुकडा यूकेचा! बीआयव्हीएस नसेल तर डब्लिनहून आधी स्लायगोला जा, बस किंवा ट्रेन काहीही चालेल, आणि तिथून 64 नंबर पकडा, ती डोनेगल टाऊनवरून लेटरकेनीपर्यंत पूर्ण रिपब्लिकमध्येच राहते. लेटरकेनीला उतरायचं मात्र लक्षात ठेवा, तीच बस पुढे डेरीला जाते आणि डेरी पलीकडे आहे.

ट्रेन का नाही असं बाबांनी रोज विचारलं. ट्रेन चांगल्या आहेत, पण नकाशा बघितला तर जवळजवळ सगळ्या लाईन डब्लिनमधून निघून पसरतात, एका लाईनवरून दुसरीवर जायचं तर बरेचदा मोठा वळसा पडतो. आणि जी गावं बघायला आपण जातो तिथे रेल्वे होती पण उरलेली नाही. क्लिफडनची लाईन 1935 ला बंद झाली, डिंगलची 1953 ला, डोनेगलची शेवटची 1959 च्या शेवटच्या दिवशी. त्यामुळे डब्लिन ते कॉर्क वगैरेला ट्रेन घ्या हवी तर, पश्चिम किनाऱ्यावर बसच.

बसचे प्रकार समजून घेतले की डोकं शांत होतं. शहरातल्या डबलडेकर वेगळ्या. बस एरन ही सरकारी कंपनी, गावोगावी जाते, तिच्याच लांब पल्ल्याच्या गाड्यांना एक्सप्रेसवे म्हणतात. मग सिटीलिंक, गोबस, एअरकोच, डब्लिन कोच असे प्रायव्हेटवाले, हे मोटरवेवरून सुसाट जातात, डब्लिन ते गॉलवे साधारण अडीच तास. आणि चौथा प्रकार लोकल लिंक, खेड्यापाड्यातल्या छोट्या बस, बऱ्याचशा मिनीबसच. पर्यटकांना यांचा पत्ताच नसतो पण एखादं आडगाव गाठायचं असेल तर हीच एक असते. सगळ्यांचं वेळापत्रक ट्रान्सपोर्ट फॉर आयर्लंडच्या म्हणजे टीएफआयच्या अ‍ॅपवर बघता येतं, टीएफआय लाईव्ह नाव आहे, ते निघायच्या आधीच टाकून घ्या.

स्टँड कुठला ते तिकिटावर नीट वाचा. डब्लिनचं मुख्य बस स्टेशन बसारस, 1953 साली उघडलेलं, कॉनोली रेल्वे स्टेशनच्या शेजारी, बस एरनच्या गाड्या तिथून. पण बरेच प्रायव्हेट कोच तिथून सुटतच नाहीत, लिफी नदीकाठच्या रस्त्यावर त्यांचे नुसते थांबे आहेत. गॉलवेतही तसंच, रेल्वे स्टेशनजवळ बस एरनचं एक आणि प्रायव्हेट कोचचं दुसरं, दोन्हीत चालत पाच मिनिटांचं अंतर. ही पाच मिनिटं बॅगा ओढत आणि आईला घेऊन पंधरा मिनिटं होतात.

पैशांचं. डब्लिनमध्ये पोचलात की लीप कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून बस-ट्रामच्या मशीनला टॅप करायचं कार्ड, एअरपोर्टवरच्या दुकानातसुद्धा मिळतं. शहरात एका टॅपला मोठ्या माणसाचे 2 युरो जातात आणि त्यात 90 मिनिटं मिळतात, त्या वेळात बस बदला, ट्राम पकडा, डार्ट म्हणजे लोकल ट्रेन पकडा, परत पैसे कापले जात नाहीत. दिवसाला 6 युरो आणि सोमवार ते रविवार आठवड्याला 24 युरो झाले की पुढे फुकट. बसमध्ये फक्त चढताना टॅप करायचं, उजव्या हाताच्या खांबावरच्या मशीनला, ड्रायव्हरशी बोलायचीसुद्धा गरज नाही. ट्राम आणि डार्टला मात्र उतरल्यावरही टॅप करावं लागतं, विसरलात तर जास्त पैसे जातात. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघं असं चालत नाही. पर्यटकांसाठी ठराविक दिवसांचं व्हिजिटर कार्डही असतं, पण तुम्ही दिवसातून दोनदाच बसणार असाल तर साधं कार्डच स्वस्त पडतं, आम्ही साधंच घेतलं.

आम्ही गेलो तेव्हा बँकेचं कार्ड शहरातल्या बसमध्ये टॅप होत नव्हतं, फोन पुढे केला की ड्रायव्हर फक्त मान हलवायचा. रोख देता येतं पण नाणीच, नोट घेत नाहीत आणि सुट्टे परत देत नाहीत. पहिल्या दिवशी आमच्याकडे कार्ड नव्हतं तेव्हा आईने हातातली सगळी नाणी त्या काचेच्या डब्यात ओतली आणि मग उरलेले कधी देणार म्हणून तिथेच उभी राहिली, मागे रांग. ड्रायव्हर बिचारा हसत होता. वर जाऊन बसल्यावर तिने हिशोब केला, 1 युरो 40 सेंट जास्त गेले, आणि हा आकडा मला ट्रिपभर ऐकावा लागला. लीप कार्ड कॉर्क, गॉलवे, लिमरिक, वॉटरफर्डच्या शहर बसलाही चालतं. लांबच्या कोचला चालेलच असं धरू नका, त्याचं तिकीट ऑनलाईन काढा, बरेचदा स्वस्त असतं. आणि बस एरनमध्ये ड्रायव्हरकडून घेत असाल तर त्याच दिवशी परत यायचंय का ते सांगा, रिटर्न तिकीट दोन सिंगलपेक्षा बहुतेक वेळा कमी पडतं.

आता थांब्यावर उभं कसं राहायचं, याच्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहायला लागतोय याची मला लाज वाटते पण माझ्यामुळे एक बस गेलेली आहे. तिथे बसला हात दाखवावा लागतो. थांब्यावर तुम्ही उभे आहात एवढं पुरत नाही, आपण एसटीला दाखवतो तसा हात रस्त्याच्या बाजूला लांब करायचा, ड्रायव्हरला दिसेल असा. डूलिन नावाच्या गावात आम्ही संध्याकाळी थांब्यावर होतो, पाऊस आडवा यायला लागला म्हणून तिघं मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो आणि मी फोनवर बस कुठे आली ते बघत होते. फोनवर बस एक मिनिटावर, आणि मान वर केली तर बस समोरून चालली होती! ड्रायव्हरला वाटलं असणार की भिंतीपाशी उभे आहेत ते पाऊस थांबायची वाट बघतायत, त्याची काय चूक. पुढची बस दोन तासांनी. ते दोन तास एका पबमध्ये काढले, सूप आणि काळसर सोडा ब्रेड, बाबा तर खूश होते, मी नव्हते. गाडी डावीकडूनच चालते त्यामुळे कुठल्या बाजूला उभं राहायचं ते आपल्याला चुकत नाही. पण छोट्या गावात कधीकधी खांब एकाच बाजूला असतो आणि उलट दिशेची बस समोरच्या बाजूला, बिनखांबाच्या जागेवर थांबते, तेव्हा शेजारच्या दुकानात विचारा, लगेच सांगतात. उतरताना सगळे प्रवासी ड्रायव्हरला थँक्यू म्हणून उतरतात, अगदी शाळेतली पोरंसुद्धा.

प्रत्येक थांब्याला नंबर असतो, खांबावर लिहिलेला. अ‍ॅपमध्ये थांब्याचं नाव शोधत बसण्यापेक्षा तो नंबर टाका, बरोबर त्याच बाजूच्या बस दिसतात. डब्लिनच्या थांब्यावरच्या बोर्डवर कधीकधी बस दोन मिनिटांवर दिसते, मग "येतेय", आणि मग नावच गायब, बस आलेलीच नसते. तिथले लोक याला घोस्ट बस म्हणतात. त्यामुळे कोच पकडायचा असेल तर शहरातली बस एक आधीची धरा.

फिरायची पद्धत मी सांगते ती अशी की रोज हॉटेल बदलू नका. एका गावात तीन-चार रात्री राहा आणि तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आमचं ते गाव गॉलवे होतं आणि माझ्या मते बसवाल्यांसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. डब्लिन एअरपोर्टवरून थेट गॉलवेचे कोच आहेत, डब्लिन शहरात शिरायचीसुद्धा गरज नाही. एका बाजूला कॉनेमारा आणि क्लिफडन, दुसऱ्या बाजूला बरन हा चुनखडीचा भाग आणि क्लिफ्स ऑफ मोहर म्हणजे समुद्रावरचे उंच कडे, आणि अ‍ॅरन बेटांच्या बोटीसाठी रोसाव्हीलला जायची बस.

क्लिफ्सची बस 350 नंबर, बस एरनची, गॉलवेहून निघून किन्व्हारा, बॅलीव्हॉन, डूलिन, मग क्लिफ्स, आणि पुढे एनिसला. टूरच्या बसने तीच जागा दाखवतात पण तिथे घड्याळ गाइडच्या हातात असतं, शिवाय ही रोजची बस आहे, बाजाराच्या पिशव्या घेऊन बायका चढतात, ड्रायव्हर एखाद्या आजोबांना त्यांच्या दारात सोडतो. गॉलवेहून जाताना उजव्या बाजूला बसा, म्हणजे ड्रायव्हरच्या मागे, कारण पूर्ण वेळ समुद्र त्या बाजूला आहे, येताना अर्थात डावीकडे. बॅलीव्हॉननंतर रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला राखाडी चुनखडीचे सपाट दगड, त्यांच्या भेगांमधून उगवलेली फुलं, असं वाटतं कोणी फरशी घालून सोडून दिलीये. आई खिडकीला नाक लावून बसली होती, 1 युरो 40 सेंट पहिल्यांदा विसरली. ज्यांना वळणांवर बस लागते त्यांनी पुढे बसा आणि आधी गोळी घ्या.

बस अगदी क्लिफ्सच्या व्हिजिटर सेंटरपाशी थांबते. बसने आलात तरी आत जायचं तिकीट लागतं, बसच्या तिकिटात ते धरलेलं नसतं. सगळ्यात उंच जागी कडा 214 मीटर आहे, वारा असा की बोलणं ऐकू येत नाही, टोपी नेऊ नका, उडते. डूलिन ते क्लिफ्स कड्यावरून चालत जायची साधारण आठ किलोमीटरची वाट आहे आणि बरेच जण एकीकडे चालत, दुसरीकडे बसने असं ठरवतात, पण अपघात आणि दरडींमुळे त्या वाटेचे तुकडे बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका. दोन बसच्या मधे निदान अडीच-तीन तास मिळतील अशी जोडी निवडा. उन्हाळ्यात फेऱ्या जास्त असतात, थंडीत मोजक्या, आणि थंडीत साडेचारलाच अंधार पडतो हेही धरा.

जिथे बस नीट नाही ते पण सांगते. रिंग ऑफ केरी, म्हणजे केरीमधला गोल फिरणारा रस्ता. किलार्नीपर्यंत आरामात पोचाल पण पूर्ण चक्कर नेहमीच्या बसने एका दिवसात जमवायचा हट्ट करू नका, तिथे सरळ किलार्नीहून एक दिवसाची टूर घ्या. डिंगलला ट्रलीवरून बस आहे, तिथे मात्र राहायलाच जा, जाऊन-येऊन केलं तर सगळा दिवस खिडकीतच जातो.

पाट्या. सगळीकडे दोन भाषा, आयरिश आणि इंग्लिश, घटनेप्रमाणे आयरिश पहिली. शहरात पाटीवर किंवा बसवर आन लार दिसलं की बाबा म्हणाले हे लार गाव केवढं मोठं आहे, सगळ्या बस तिकडेच चालल्यात. त्याचा अर्थ फक्त शहराचा मध्य. आणि आस शेरविश असं लिहिलेली रिकामी बस आली तर हात दाखवू नका, ती सेवेत नाहीये. मजा संपते ती गेलताख्तमध्ये, म्हणजे जिथे आयरिशच बोलतात त्या भागात, तिथे रस्त्यावरच्या पाट्या नुसत्या आयरिशमध्ये. डिंगलच्या वाटेवर पाटी आन डँगन म्हणते, ते डिंगलच. उतरायच्या गावाचं आयरिश नाव आधी कागदावर लिहून घ्या, उच्चार सोडा, अक्षरं जुळली की झालं.

वेळापत्रकाचे सापळे तीन. रविवारी फेऱ्या कमी आणि सकाळी उशिरा सुरू. सरकारी सुट्टीच्या सोमवारी, तिथे बँक हॉलिडे म्हणतात, बहुतेक ठिकाणी रविवारचंच वेळापत्रक लागतं, आणि या सुट्ट्या आपल्याला माहीत नसतात, फेब्रुवारीत एक, मे, जून, ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, ऑक्टोबरच्या शेवटच्या. तिसरं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी संध्याकाळी कॉलेजची मुलं घरी जातात-येतात, तेव्हा कोच भरलेले असतात, सीट आधी बुक करा. आणि 25 डिसेंबरला बस, ट्रेन, ट्राम काही म्हणजे काही चालत नाही, त्या दिवशी जिथे असाल तिथेच राहायचं, जेवणाची सोय आदल्या दिवशी करून ठेवा.

बॅगा कोचच्या पोटात ठेवतात, बस एरनमध्ये बहुधा आपणच ठेवायच्या आणि आपणच काढायच्या, ड्रायव्हर फक्त दार उघडतो. मधल्या थांब्यावर उतरणार असाल तर चढतानाच त्याला सांगा आणि बॅग दाराजवळ ठेवा. प्रत्येक कोचमध्ये टॉयलेट असतंच असं नाही, स्टँडवरच जाऊन घ्या.

एअरपोर्टला परत जाताना डब्लिनमधून दोन पर्याय, भराभर जाणारे महाग कोच किंवा 16 आणि 41 नंबरच्या साध्या डबलडेकर, लीप कार्डवर 2 युरोत, पण सगळीकडे थांबत जातात आणि बॅगा ठेवायची जागा छोटी. डब्लिन एअरपोर्टला रेल्वे नाहीये, त्यामुळे सगळं जग याच बसवर असतं. आमचं विमान सकाळचं होतं म्हणून आम्ही गॉलवेहूनच रात्री निघणारा कोच घेतला, मध्यरात्रीनंतरही असतात, हॉटेलची एक रात्र वाचली आणि तिघंही झोपलो. बाबांच्या लीप कार्डात 3 युरो 20 सेंट राहिले. वहिनी मार्चमध्ये जाणार आहे, कार्ड तिच्या पासपोर्टच्या पाकिटात आत्ताच टाकून ठेवलंय, आईच्या देखरेखीखाली.